जवानाचा अधिकारी होताना: सातारा-सांगलीच्या पोरांसाठी तयारीची वाट

दिवाळीच्या नाहीतर गावच्या जत्रेच्या सुट्टीत काळी ट्रंक घेऊन सातारा स्टँडवर उतरलेल्या पोरांपैकी दोघं-तिघं तरी दरवर्षी माझ्या दारात येतात. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, "साहेब, शिपाई म्हणून भरती झालो. आता ऑफिसर होता येईल का?"

येईल. मी झालो. बारावीनंतर बेळगावच्या सेंटरमधून शिपाई म्हणून बाहेर पडलो, पलटणीत सहा वर्षं काढली आणि त्यानंतर खांद्यावर तारे लागले. माझ्या कितीतरी आधी रामा राघोबा राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, साधा सैनिक म्हणून भरती झाले होते. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. हयातीत ते मिळवणारे ते पहिलेच. हा माणूस सगळा शिकला होता तो शिपायाच्या वर्दीतच.

दारात आलेल्या प्रत्येकाला मी सुरुवातीलाच एक सांगतो. अधिकारी व्हायला लागणारं बरंचसं तुमच्याकडं आधीच असतं, फक्त ते मुकं असतं. हुकूम पाळायची सवय तोंडावर कुलूप घालते. पुढं लिहिलेली सगळी तयारी हे कुलूप उघडायची आहे. धावणं, गणित, कागद या गोष्टी त्यामानानं सोप्या.

आधी आपला दरवाजा ओळखा

नोकरीतल्या जवानासाठी मुख्य वाट आर्मी कॅडेट कॉलेजची, म्हणजे एसीसीची. हिची मुळं १९२९ साली मध्य प्रदेशातल्या नौगावला सुरू झालेल्या किचनर कॉलेजात आहेत. मधली काही वर्षं कॉलेज आपल्या पुण्यात होतं आणि १९७७ पासून ते देहरादूनला आयएमएच्या, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या, आवारात आहे. वय २० ते २७, किमान दोन वर्षं नोकरी आणि बारावी पास, या मूळ अटी. फक्त लष्करातलेच नव्हे, नौदल आणि हवाई दलातले जवानही यातून येतात. लेखी परीक्षा, मग एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा, मग मेडिकल. निवड झाली की एसीसीत तीन वर्षं राहून पदवी घ्यायची आणि त्यानंतर एक वर्ष आयएमएत. एकूण चार वर्षं. सत्ताविसाव्या वर्षी आत गेलेला माणूस एकतिसाव्या वर्षी लेफ्टनंट होतो. हा हिशेब घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

वयानं पुढं गेलेल्या जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार, सुभेदार) स्पेशल कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे एससीओची वेगळी वाट आहे. त्याहून अनुभवी लोकांसाठी परमनंट कमिशन स्पेशल लिस्ट आहे. सत्तावीस ओलांडले म्हणून हातपाय गाळू नका, एज्युकेशन जेसीओला गाठून या दोन्हींची चालू वर्षाची सूचना मागून घ्या.

पदवी हातात असेल आणि वय बसत असेल तर सीडीएसची, म्हणजे कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेसची, परीक्षा देता येते. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर असतात, चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी, गणित नसतं. आयएमएसाठी वय १९ ते २४ आणि उमेदवार अविवाहित हवा. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. नोकरीत असताना फॉर्म भरायचा तर युनिटला लेखी कळवून, परवानगी घेऊनच भरा. चोरून भरलेला फॉर्म पुढं गळ्यात येतो.

अग्निवीरांना वेगळं सांगतो, कारण आता येणाऱ्यांत तेच जास्त आहेत. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत जण पुढं राहतात, पण बाकीच्यांची वाट तिथं संपत नाही. इग्नूनं अग्निवीरांसाठी खास पदवीचा कार्यक्रम आखला आहे, त्यात निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचेच धरले जातात. आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही आहे. पहिल्याच वर्षी नाव नोंदवलं तर चार वर्षं संपता संपता पदवी हातात येते, आणि लवकर भरती झालेल्याचं वय तेव्हाही सीडीएसला बसतं. दुसऱ्या वर्षापर्यंत थांबलात तर हा हिशेब चुकतो.

कागद: सगळ्यात रटाळ, आणि बहुतेक जण इथंच अडकतात

माझं पहिलं वर्ष कागदापायी गेलं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रावर, दुसरी. भरतीच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, मी तर उघडूनही बघितलं नव्हतं. कंपनी ऑफिसात फॉर्म गेला, फरक निघाला, आणि दुरुस्ती होऊन येईपर्यंत शेवटची तारीख उलटली. लंगरमध्ये त्या रात्री घास गिळवला नाही.

म्हणून येत्या सुट्टीत आधी हे करा. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि युनिटमधली नोंद समोरासमोर ठेवा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, एकेक अक्षर जुळवा. दाखल्यावर 'पांडुरंग' आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर 'पांडूरंग' असेल तर इंग्रजी स्पेलिंगही वेगळं पडलेलं असतं. लग्न झालं असेल तर त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डवरची अधिकृत नोंद, निघाली आहे का ते क्लार्कला विचारा. बारावी राहिलीच असेल तर मुक्त विद्यालयातून ती आधी पुरी करा.

त्यानंतर अर्जी रिपोर्टला, म्हणजे वरिष्ठांसमोर विनंती मांडायला, उभं राहा. आधी सेक्शन कमांडर, मग प्लाटून हवालदार, सीनियर जेसीओ आणि शेवटी कंपनी कमांडर, अशी पायरीनं. सुभेदार साहेबांना डावलून थेट वर गेलात तर शिफारस होईलही, पण कंपनीतलं वातावरण बिघडतं. कंपनी कमांडरसमोर गोल बोलू नका. "साहब, मुझे एसीसी देना है, तैयारी के लिए रोज शाम एक घंटा चाहिए," एवढं पुरे. माझ्या कंपनी कमांडरांनी त्यांची स्वतःची इंग्रजी व्याकरणाची वही मला दिली होती. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती.

रेकॉर्डवर रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची नोंद, येऊ देऊ नका. मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची, राखा. दात, कानातला मळ, वजन आणि पायाच्या फुगलेल्या नसा या चार गोष्टींचा इलाज वेळेत होतो, फक्त मेडिकलच्या आठवडाभर आधी होत नाही.

इंग्रजीची भीती

आपल्याकडच्या पोरांचं गणित बरं असतं. दहावीची पुस्तकं पुन्हा सोडवली, टक्केवारी, काळ-काम-वेग, क्षेत्रफळ आणि त्रिकोणमितीची सुरुवात पक्की केली की हात बसतो. सामान्य ज्ञानाला रोजचं वर्तमानपत्र आणि शालेय इतिहास-भूगोलाची पुस्तकं पुरतात. घोडं अडतं ते इंग्रजीवर.

वाचून इंग्रजी येतं, पण बोलायची लाज वाचून जात नाही. मी एक साधा नेम केला होता. रोज रोल कॉलनंतर एका मित्राला धरून तीन मिनिटं इंग्रजीत बोलायचं. विषय घरचा. उसाची लागण कशी करतात, आमच्या गावची जत्रा, मामाच्या लग्नात काय झालं. चुकलं तरी थांबायचं नाही. पहिला महिना आम्ही दोघं फक्त अडखळत होतो, तिसऱ्या महिन्यात वाद घालायला लागलो. विषय घरचाच ठेवा, युनिट, जागा आणि हालचाल यातलं काहीही तोंडी, वहीत किंवा मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आणू नका. 'तयारी करून देतो' म्हणत समाजमाध्यमांवर ओळख वाढवणाऱ्या अनोळखी खात्यांना तर अजिबात उत्तर देऊ नका.

वर्षाची साठ दिवसांची सुट्टी मिळते, अग्निवीरांना तीस. सगळी सुट्टी शेतात आणि सोयरिकीत जाते, हे मला माहीत आहे. घरच्यांना सकाळचे चार तास मागा. सातारच्या नगरवाचनालयात जा, घरी अभ्यास होत नाही. शहरात भरतीच्या अकॅडम्या भरपूर आहेत, पण बहुतेकांचा रोख शिपाई भरतीवर असतो. तिथं नाव घालण्याआधी विचारा, इथं एसएसबी कोण शिकवतो आणि त्यानं स्वतः काय केलं आहे? आणि 'बोर्डात आपलं सेटिंग आहे' असं म्हणणारा भेटला तर तिथूनच माघारी फिरा. एसएसबीत तीन वेगवेगळे अधिकारी तुम्हाला स्वतंत्रपणे तपासतात. तिथं पैसा चालत नाही, आणि तो मागणारा तुम्हाला फसवत असतो.

एसएसबी: पाच दिवस, आणि कुलूप

इथं जरा थांबून लिहितो, कारण नोकरीतले चांगले चांगले जवान मी इथंच पडताना बघितले. पहिल्या वेळी मीही पडलो.

पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धिमापनाचे प्रश्न आणि त्यानंतर एक धूसर चित्र. तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करून एक समान गोष्ट ठरवायची. जे गळतात ते त्याच दिवशी माघारी. मी पहिल्या वेळी गटात फक्त माझी गोष्ट सांगितली आणि गप्प बसलो. बाकीचे एकमेकांवर ओरडत होते. मला वाटलं, शिस्तीत बसणं बरं. बाहेर आल्यावर कळलं, माझ्या शिस्तीची नोंद घ्यायला तिथं कुणी बसलं नव्हतं. गट गोंधळात असताना एका वाक्यात त्याला वळण लावणारा माणूस ते शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या, त्यातलं शेवटचं कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं. शेवटी स्वतःबद्दल पंधरा मिनिटं लेखन: आईवडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. आपली पोरं शब्दांवर सुविचार लिहितात. 'धैर्य' आलं की 'धैर्य हा वीरांचा दागिना'. असलं वाक्य तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. जे पाहिलं आणि केलं ते लिहा.

प्रसंगांत जवानाची मोठी चूक म्हणजे 'वरिष्ठांना कळवलं' एवढं लिहून थांबणं. समजा, तुम्ही सुट्टीवर आहात, कृष्णेला पूर आहे, पूल पाण्याखाली आहे आणि शेजारची बाई बाळंतपणासाठी अडली आहे. 'तहसीलदारांना फोन केला' हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत ज्यांनी काम केलं त्यांना विचारा. गावातली आशाताई, ट्रॅक्टर असलेला शेतकरी, उंचावरची शाळा, बोट कुठं आहे त्याची चौकशी, सोबत जाणारी बाई: हे सगळं एकाच वेळी डोक्यात चालतं. ते दोन ओळींत लिहा. हे तुम्ही खरोखर केलेलं असतं, फक्त कागदावर उतरवायला घाबरता.

मैदानावरची कामं जीटीओ, म्हणजे गटाची परीक्षा घेणारा अधिकारी, घेतो. दोन गटचर्चा, नकाशावरची योजना, अडथळे पार करायची गटकामं, 'साप' म्हणतात ती लांब जाड गुंडाळी घेऊन गटानं धावायची शर्यत, तीन मिनिटांचं भाषण, दहा वैयक्तिक अडथळे आणि कमांड टास्क, म्हणजे सोबतच्यांना हाताखाली घेऊन काम करवणं. फळी, बल्ली आणि दोर घेऊन खड्डा ओलांडणं तुम्हाला नवं नाही. कॉलेजातून थेट आलेल्या पोरांपेक्षा तुमचे हात तयार असतात. पण म्हणूनच तुम्ही न बोलता फळी उचलता, स्वतः बांधता, स्वतः ओलांडता आणि मागं वळून बघत नाही. जवान म्हणून ते उत्तम. तिथं मात्र सांगावं लागतं: "बल्ली इथं टेकवू, तू दोर धर, भारी सामान आधी पाठवू." आणि दुसऱ्याची कल्पना बरी असेल तर ती मोठ्यानं मान्य करावी लागते. पलटणीत हवालदार झालेल्यांना हे जमतं. शिपायांनी खेळाच्या संघात किंवा गावच्या गणेश मंडळात पुढं होऊन सराव करावा.

भाषणासाठी चारपैकी एक विषय निवडायचा, तीन मिनिटं विचार आणि तीन मिनिटं बोलणं. मी दुसऱ्या वेळी पाणीटंचाई निवडली आणि जत तालुक्यातल्या टँकरबद्दल बोललो, कारण माझी मावशी तिथं दिली आहे.

मुलाखतीआधी तुम्ही एक वैयक्तिक माहितीचा फॉर्म भरता आणि प्रश्न त्यातूनच येतात. त्यामुळं आपला जिल्हा पाठ असायला हवा. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॉटचा, कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला आपल्या साताऱ्यात सुरू झाली. आपशिंगे मिलिटरीचे असाल तर पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, हे तुम्हाला सांगता यायला हवं. सांगलीकरांनी हळदीच्या बाजाराबद्दल विचारलं तर गप्प बसू नये. मराठा लाईट इन्फंट्रीचे असाल तर १७६८ पासूनचा रेजिमेंटचा इतिहास यायला हवा. शिपायाला 'माझं फक्त माझ्या कामापुरतं' असं म्हणायची सवय लागते. मुलाखतीत ती सोडा.

"आता आहे त्या नोकरीत काय कमी आहे?" हा प्रश्न येतोच. पगाराचं उत्तर देऊ नका आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी तर मुळीच करू नका. एखादा प्रसंग सांगा, जिथं तुम्हाला वाटलं की हा निर्णय मी घेऊ शकलो असतो. असा प्रसंग आधी शोधून ठेवा. सापडत नसेल तर अजून एक वर्ष थांबा, घाई करू नका.

शरीर

तुम्ही रोज पीटी करता, त्यामुळं इथं थोडक्यात लिहितो. अधिकारी भरतीच्या सूचनांत उमेदवारांनी कुठल्या पातळीला असावं ते दिलेलं असतं: २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुशअप, ६ पुलअप, ३० सिटअप आणि पोहण्याची तोंडओळख. सुट्टीत आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून या, एकदा अजिंक्यतारा. उतारावर धावताना गुडघे जपा. सपाटीचं वेगळं धावायचं असेल तर शाहू स्टेडियम आहे. सांगलीकरांनी कृष्णाकाठ धरावा, पण पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या टाळा.

पोहणं मात्र मनावर घ्या. विहिरीत उडी मारता येते म्हणजे पोहता येतं असं नाही. जलतरण तलावात जाऊन श्वासाची लय धरून सरळ रेषेत पोहायला शिका.

देहरादूनला पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात मन मोडतं, ते शरीर थकल्यामुळं नाही. तुम्ही नाईक असाल, तुमच्या हाताखाली दहा माणसं असतील. इथं तुम्ही पुन्हा रांगेत, आणि कदाचित तुमच्यापेक्षा कमी नोकरी झालेला उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, ड्रिलच्या मैदानावर तुमच्यावर ओरडेल. आयएमएच्या वर्षात शेजारी उभा असलेला, बारावीनंतर थेट खडकवासल्याच्या एनडीएत गेलेला पोरगा तुमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल आणि इंग्रजीत झरझर बोलेल. माझ्या खोलीतल्याला काटा-चमचा कसा धरायचा हे मी विचारलं होतं. त्यानं ते शिकवलं आणि मी त्याला रात्रीच्या नकाशावर चालायला शिकवलं. अशा देवाणघेवाणीला लाजू नका. तिथं वयानं मोठे म्हणून बसून राहिलात तर एकटे पडाल.

'आमच्या पलटणीत असं करायचे' हे वाक्य पहिल्या तीन महिन्यांत तोंडातून काढू नका. उस्तादाला तुमचं सगळं कळत असतं. तो तुम्हाला मुद्दाम जास्त रगडत असेल तर सहसा त्यामागं अपेक्षा असते.

बायको-मुलं गावी राहणार, हे आधीच बोलून ठरवा. आईवडिलांची औषधं, शेताचा वाटेकरी, सोसायटीचं कर्ज, मुलाची शाळा, कुठल्या खात्यातून काय जातं हे एका वहीत लिहून बायकोच्या हातात द्या. सही लागणारी कामं जाण्याआधी उरका. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांनी पती कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये शहीद झाल्यानंतर स्वतः चेन्नईच्या ओटीएतून प्रशिक्षण घेतलं आणि २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. बायकांना हे झेपत नाही असं घरात कुणी म्हणायला लागलं तर त्यांचं नाव सांगा. आणि हेही सांगा की वहीचे व्यवहार बायकोच बघणार आहे, चुलता नाही.

पासिंग आउटचं तिकीट

पासिंग आउट परेड जून आणि डिसेंबरमध्ये होते. परेड संपली की खांद्यावरचे तारे घरचेच लावतात, त्यामुळं आईवडिलांना न्यायचंच. गोवा एक्स्प्रेस सांगलीला आणि साताऱ्याला थांबते आणि हजरत निजामुद्दीनला सोडते, तिथून पुढं देहरादून. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पहिल्याच सकाळी काढा, खालचे बर्थ मागा. डिसेंबरची परेड असेल तर आईला नऊवारीवर घालायला बंद गळ्याचा स्वेटर घ्या, शाल पुरत नाही. माझी आई पहाटेपासून ड्रिल स्क्वेअरच्या कडेला कुडकुडत बसली होती, आणि तारा लावताना तिची बोटं इतकी गारठली होती की पिन बसेना. शेवटी शेजारच्या पंजाबी कॅडेटच्या आईनं स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले.